सफूराबींचे गुडघे

नौशीन टॅक्सीतून उतरली, वळसा घालून तिने पलीकडचं दार उघडलं आणि हात पुढे केला. सासूने तो झटकला. अबाया सावरत सफूराबी स्वतःच खाली उतरल्या आणि वर टॅक्सीवाल्यालाच म्हणाल्या, "दरवाजा ठीक से बंद करो."

"अम्मी, जरा सावकाश. फुटपाथ उंच आहे."

"दिसतंय मला. नवरा गेलाय माझा, डोळे नाय गेले."

मस्कतमधल्या मत्र्याच्या कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, नोव्हेंबरचं उतरतं ऊन पडलं होतं. बंदराला भलीमोठी पांढरी क्रूझ लागली होती आणि तिच्यातून उतरलेले गोरे लोक अर्ध्या चड्ड्यांत, गळ्यात कॅमेरे अडकवून सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, तोंडाशी घोळक्याने उभे होते. सफूराबी कठड्यापाशी गेल्या. दोन्ही हात कठड्यावर टेकून त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग वरच्या किल्ल्याकडे, मग पुन्हा पाण्याकडे. वाऱ्याने डोक्यावरची ओढणी मागे सरकली. ती त्यांनी लगेच पुढे घेतली नाही.

हुसैनमियाँ वारल्यापासून त्या दार्सैतच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून खाली उतरल्या नव्हत्या. इद्दत म्हटली की विधवेने चार चांद आणि वर दहा दिवस घरात राहायचं, अत्तर लावायचं नाही, नटायचं नाही. ते सगळं त्यांनी तोंडातून ब्र न काढता पाळलं. आणि आज दुपारी, नौशीन सिंकपाशी बांगडे साफ करत असताना, त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"माझी इद्दत काल संध्याकाळी मगरिबला संपली. जरा बाहेर जाऊन येऊ."

नौशीनच्या हातातली सुरी थांबली होती. "पण नुमान तर रविवार म्हणतोय. रविवारी संपते म्हणून त्याच रात्रीचं तुमचं तिकीट काढलंय त्याने."

"तो ऑफिसातलं कॅलेंडर बघून मोजतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. इद्दत म्हणजे काय पगार हाय, इंग्रजी महिन्यावर यायला? मी चांद बघून मोजली. ह्याच खिडकीतून."

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

"त्याने विचारलान कुठे?"

खरंच की. विचारलं नव्हतंच. तिकिटाचंही विचारलं नव्हतं. रुसैलच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या नुमानने आईचा हिशेब परस्पर करून टाकला होता. नौशीनने एकदा हटकलं, तेव्हा तो म्हणाला होता, "त्यात विचारायचं काय? गुडघे गेलेत तिचे. तीन जिने चढून-उतरून ती इथे काय करणार? गावी अंगण आहे, शेजारपाजार आहे. बसेल आरामात." तो वाईट मनाने बोलत नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडायला तोंड सापडत नव्हतं. अर्बाब, म्हणजे हुसैनमियाँ ज्याच्या दुकानात उभं आयुष्य होते तो ओमानी मालक, मयताला आला तेव्हा विजाचं मी बघतो, त्यांना इथेच राहू दे, असं आपणहून बोलला होता. नुमानने हात जोडून नको म्हटलं. उगाच कशाला कुणाचे उपकार!

नौशीनच्या मनातही बंड वगैरे काही नव्हतं. दाभोळच्या खाडीकाठच्या त्या बंद घरात जाऊन बसण्याआधी अम्मींनी एकदा अब्बांचं मत्रा डोळे भरून बघावं, चार ओळखीची माणसं भेटावीत, थोडं रडून घ्यावं, एवढंच तिने ठरवलं होतं. नुमानला फोन करायला हवा होता. केला नाही, इतकंच.

"चला अम्मी, इकडून. अब्बा इकडूनच जायचे."

"ठाऊक हाय कुठून जायचे ते," सफूराबी म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

अब्बा! नुसत्या आठवणीने नौशीनला हसू फुटलं. मेंदीने लाल केलेली दाढी, पोपटी नाहीतर केशरी शर्ट, कानात अत्तराचा फाया आणि हातात एक काठी. ती टेकायला नव्हे, तर बोलताना हवेत फिरवायला. सूकमध्ये ओमानी लोकांना डोक्याला बांधायचे मसर विकता विकता त्यांनी अरबीत शिव्या आणि दुआ दोन्ही शिकून घेतल्या होत्या. दुकान बंद झालं की ह्या कॉर्निशवर त्यांची स्वारी निघायची. मांजरांनाही सलाम. क्रूझमधून उतरलेल्या कुणा स्पॅनिश बाईला "होला, सिन्योरा!" म्हणून थांबवायचे आणि वरच्या किल्ल्याकडे काठी रोखून सांगायचे, हा पोर्तुगीजांकडून घेतला त्या लढाईत माझा पणजा होता. बाई त्यांच्यासोबत फोटो काढून घ्यायची.

"अब्बा, खरंच होता का हो पणजा?" नौशीनने एकदा विचारलं होतं.

"अगो, तिला फोटो मिळाला, मला पणजा मिळाला. कुणाचं काय गेलं?"

ती म्हसळ्याहून नवी नवरी म्हणून आली तेव्हा महिनाभर नुसती रडत होती. नुमान कामावर, अरमान दीर तेव्हाच सलालाला गेलेला, सासू स्वयंपाकघरात गप्प. एका संध्याकाळी अब्बांनी चप्पल तिच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "रडायचं असेल तर चालता चालता रड. घरातली हवा दमट होते." त्या दिवसापासून ते तिला मत्र्याला फिरायला नेऊ लागले. पुढे तिला बालवाडीत शिकवायची नोकरी लागत होती आणि नुमान आढेवेढे घेत होता, तेव्हाही अब्बांनीच सगळ्या बाजारात आधी पेढे वाटून टाकले आणि मग नुमानला सांगितलं. बाप असा असावा, असं तिला वाटायचं. सख्ख्या बापाने इतकं केलं नव्हतं. सासू कधी बरोबर नसे. अम्मींना चलायला सांगू या का, असं तिने सुरुवातीला विचारलंही होतं. अब्बा चुकचुकले होते. "तिचे गुडघे गेलेत गो. बिचारी."

सूकच्या तोंडाशी ऊद-लोबानचा धूर दाटला होता. पहिलंच दुकान उस्मान अत्तरवाल्याचं. तो लगबगीने बाहेर आला, छातीवर हात ठेवून अदबीने वाकला.

"चाची! अल्ला सब्र दे. हुसैन भाई के बिना बाजार सूना हो गया." मग आवाज उतरवून म्हणाला, "और आप के घुटने? इतना चल के आए?"

"ठीक हैं," सफूराबी म्हणाल्या.

चार दुकानं पुढे शालींच्या दुकानातल्या म्हाताऱ्या सिंध्याने स्टूलच पुढे केलं. बैठिए बहनजी, हुसैन भाई बताते थे, आप को बहुत तकलीफ है. सफूराबी बसल्या नाहीत. पुढे हलव्याच्या दुकानातल्या पोक्त ओमानी मालकाने नौशीनला अरबीत आणि खुणांनी विचारलं की म्हातारीला गाडीत बसवून का नाही आणलं, आणि स्वतःच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून हळहळ दाखवली. नौशीनला भरून आलं. अब्बा सगळ्यांपाशी अम्मींची काळजी करत होते तर! तिने मागे वळून पाहिलं. सासूच्या डोळ्यांत पाणी असेल अशी तिची अपेक्षा होती. पाणी नव्हतं. दूध नासल्यावर व्हावं तसं तोंड झालं होतं.

"नौशीन, ही पिशवी धर."

पिशवी तिच्या हातात देऊन सफूराबींनी अबाया घोट्याच्या वर चिमटीत धरली आणि सूकच्या ऐन मध्यावर, हलवेवाल्याच्या समोर, सरळ उकिडव्या बसल्या. बसल्या आणि कशालाही न धरता उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. एका गोऱ्या बाईने कॅमेरा वर केला. हलवेवाला आ वासून बघत राहिला.

"दिसले ना गुडघे? सांग त्याला, असे हायत म्हणून," सफूराबी सुनेला म्हणाल्या आणि चालू लागल्या.

नौशीन धावत त्यांच्या मागे गेली. सासू इतकी भरभर चालते हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. एका गल्लीच्या तोंडाशी, जुन्या घराच्या दगडी पायरीवर सफूराबी टेकल्या, तेही दम लागला म्हणून नव्हे. राग आला की माणूस कुठेतरी बसतो, तशा.

"अम्मी, गुडघे बरे झाले तुमचे?"

"बरे व्हायला बिघडले कधी होते?"

"पण अब्बा तर..."

"तुझ्या सासऱ्याने सांगितलान आणि अख्ख्या मस्कतने ऐकलान. माझ्या पोरांनीसुद्धा. इतकी वर्षं तू माझ्या शेजारी नमाज पढतेस. मी कधी खुर्ची मागितली? गुडघे गेलेली बाई जमिनीवर सजदा करते काय गो?"

नौशीनच्या म्हसळ्याच्या आईचे गुडघे गेले होते. ती गेली कित्येक वर्षं खुर्चीवरच नमाज पढत होती. आणि इथे ही बाई रोज पाच वेळा तिच्या डोळ्यांदेखत कपाळ जमिनीला टेकून उठत होती. दिवसभर पायांवर उभी राहून भाकऱ्या थापत होती, वाकून फरशी पुसत होती. तरीही, मी दुकानात जाऊन येते, तुमचे गुडघे आहेत, असं नौशीन परवा-परवापर्यंत म्हणत होती. अशी कशी आपण बघूनही न बघितल्यासारखी राहिलो!

"पण त्यांनी असं का सांगितलं?"

सफूराबींनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"मी नवीन आले तेव्हा रोज यायची त्याच्यासोबत. गावची माणसं जमायची कठड्यावर, दाभोळची, बाणकोटची. एका संध्याकाळी मी एक गोष्ट सांगितली. माणसं पोट धरून हसली. एकाच्या डोळ्यांतून पाणी. हाही हसला. घरी आलो तर म्हणतो, सफूरा, तुझे गुडघे दुखत असतील एवढं चालून. मी म्हटलं, नाय दुखत. तो म्हणाला, दुखत असतील. दुसऱ्या दिवशी एकटाच गेला."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प? भांडले, जेवण टाकलं, सगळं करून झालं. मग नुमान पोटात, मग अरमान. पोरं जरा मोठी झाली, मी एकदा खाली उतरले तर जिन्यात भेटेल तो विचारतोय, भाभी, गुडघे कसे? किती जणांना खोटं पाडू? आणि कुणाला? माझ्याच नवऱ्याला?"

नौशीनला अब्बांचा राग आला. इतका, की क्षणभर ते समोर असते तर तिने ती काठी त्यांच्या हातातून काढून घेतली असती. आणि त्याच वेळी त्यांची अशी आठवण आली, की डोळे चुरचुरले. दोन्ही एकदमच. काय करावं ते कळेना.

"घरी जायचं, अम्मी?"

"आत्ताच? चहा कुठे प्यायचा तो?"

अब्बा मुस्तफाकडे चहा प्यायचे. गल्लीच्या टोकाला त्याचं कॉफी शॉप होतं आणि बाहेर पाच-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या असत. दोन बायका येताना पाहून मुस्तफा काउंटरमागून बाहेर आला. बारा गावचं पाणी प्यायलेला केरळचा माणूस, पण हुसैन भाईंची बेगम आपल्या दारात पाहून तोही गडबडला.

"चाची, अंदर फॅमिली रूम है. उधर बैठिए, आराम से."

"इधर हवा है," सफूराबी म्हणाल्या आणि भिंतीलगतच्या लाल खुर्चीवर बसल्या.

"वो... वो हुसैन भाई की..."

"मालूम है. दो चाय. कडक."

मुस्तफाने मान डोलावली आणि चहा टाकायला गेला. समोरच्या शिंप्याच्या दुकानातून गजेंद्र बाहेर आला, तसाच गळ्यात टेप टाकून. तो संगमेश्वरचा. ओमानी लोकांचे डिश्दाशे, ते पायघोळ अंगरखे, शिवण्यात त्याचा हात धरणारा त्या गल्लीत कुणी नव्हता, आणि हुसैनमियाँचा तो पहिल्या नंबरचा श्रोता होता.

"काकी, तुम्ही आलात! काय सांगू, चाचा गेले आणि आमची संध्याकाळच गेली बघा. तुम्हाला त्यांची कोंबड्याची गोष्ट माहीत असेलच. मुस्तफा, ये रे, कोंबडेवाला किस्सा!"

"हमने पचास बार सुना है," मुस्तफा चहा ठेवत म्हणाला. पण गेला नाही, तिथेच उभा राहिला.

गजेंद्रने चाचांसारखाच एक हात हवेत फिरवला. चाचा दाभोळहून लाँचीवर खलाशी म्हणून निघाले, तेव्हाची गोष्ट. बरोबर एक कोंबडा, पहाटे फजरच्या नमाजीला उठवायला. लाँच मस्कतकडे निघाली, पण कोंबडा बसला दाभोळच्या वेळेवर. इथला सूर्य दीड तास मागे, कोंबड्याला काय त्याचं? रोज अपरात्री बांग. लाँचीचा नाखवा उठून नमाज पढून मोकळा होतो आणि बघतो तर बाहेर काळोख! खलाशी वैतागले. कापून खाऊ या म्हणाले.

"आणि मत्र्याच्या धक्क्याला लागल्या लागल्या," गजेंद्रने मांडीवर थाप मारली, "कोंबडा विकला. खलास!"

मुस्तफा हसला. गजेंद्र हसला. नौशीनलाही सवयीने हसू आलं. ही गोष्ट तिने अब्बांकडून कितीदा ऐकली होती. अब्बा अशीच मांडीवर थाप मारायचे, खलास म्हणायचे आणि लोक त्या थापेलाच हसायचे.

"विकलान नाय," सफूराबी म्हणाल्या.

त्यांनी चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"आणि लाँचीवर माझा नवरा नव्हताच. हा दाभोळची खाडी ओलांडायला तरीत बसला तरी ओकायचा. नाखवा माझा बाप होता. कोंबडा माझ्या आईचा."

गजेंद्रने टेप गळ्यातून काढून हातात घेतली.

"धक्क्याला लाँच लागली, आणि कोंबड्याने पहिल्याच रात्री अख्खं मत्रा उठवलान. बायका चुली पेटवून बसल्या, दिवस उगवायचा पत्ता नाय. तिसऱ्या दिवशी मशिदीचा इमाम धक्क्यावर आला. म्हणाला, नाखवा, एक तर तुझा कोंबडा हलव, नाहीतर आमचा सूर्य हलव. माझा बाप म्हणाला, सूर्याचं तुमचं तुम्ही बघा, पण कोंबडा बायकोने दिलाय. त्याला हात लावायचा तर तिला विचारायला हवं, आणि ती दाभोळला हाय. मग काय! दोन महिने कोंबड्याने इथे बसून ओमानी खजूर खाल्लान आणि लाँचीतून परत गेला."

"परत गेला?" गजेंद्र म्हणाला.

"परत. आणि उतरला कसा? असा." सफूराबींनी हनुवटी वर केली, खांदे मागे घेतले आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी गल्लीकडे असं पाहिलं, की गावी पेठेत सुटीवर आलेला प्रत्येक आखातवाला नौशीनच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "परसातल्या कोंबड्यांकडे बघेना. तांदळाच्या कण्या खाईना. आणि दुसऱ्या दिवशी फजर झाली, मौलवींची अजान झाली, लोक नमाज पढून घरी आले, न्याहारीला बसले, तेव्हा ह्याने बांग दिलीन. दीड तास उशिरा. मस्कतच्या वेळेवर! आईने खराटा फेकून मारलान, तरी ऐकेना. मरेपर्यंत त्याने दाभोळची वेळ लावून घेतलीन नाय. आमच्या मोहल्ल्यात कुणी नमाजीला उशिरा आला की लोक अजून म्हणतात, हा नाखव्याच्या घरचा."

गजेंद्र असा हसला, की भिंतीला हात टेकून उभा राहिला. मुस्तफाला अर्धंच कळलं होतं. गजेंद्रने ते हसता हसता त्याला हिंदीत सांगितलं आणि मग मुस्तफा खांद्यावरचं फडकं तोंडाला लावून हसू लागला. शेजारच्या दुकानातून दोघंजण काय झालं म्हणून डोकावले. नौशीन हसत होती आणि हसता हसता तिला कळत होतं की ही थाप मारलेल्या मांडीची करामत नव्हे. ही गोष्ट खरोखरच हसवणारी होती.

"काकी, हा शेवट चाचांनी कधीच नाही सांगितला!"

"त्याला ठाऊक असता तर सांगितलान असता ना? रात्री जेवताना म्हणायचा, सफूरा, काहीतरी सांग. मी सांगायची. दुसऱ्या दिवशी तेच इथे येऊन वाढायचा. नौशीन घरी येऊन सांगायची, आज अब्बांनी अशी गोष्ट सांगितली, तशी सांगितली. मला कळायचं सगळं." त्यांनी पेला उचलला. "मग मी अर्धीच सांगायला लागले. म्हणायची, शेवट मी विसरले. सगळंच देऊन टाकलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

नौशीनने खाली मान घातली. अब्बांच्या सगळ्या गोष्टी एकेक करून तिच्या मनात येऊन गेल्या. गावच्या काझीच्या छत्रीची, फणस चोरणाऱ्या सासूची, भुताला घाबरणाऱ्या पोलीस पाटलाची. सगळ्यांच्या शेवटी मांडीवर थाप आणि खलास. म्हणजे ते सगळे शेवट दार्सैतच्या त्या स्वयंपाकघरात होते. आणि रविवारी रात्री नुमान ते विमानात बसवून पाठवून देणार होता.

"अजून एक सांगा, काकी," गजेंद्र म्हणाला. त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठली सांगू? हा पहिल्यांदा मस्कतला आला ती सांगते. लाँचीतून नव्हे, विमानातून. बरोबर आईने दिलेली फणसाची पिशवी, मांडीवर धरून बसलेला. हवाई सुंदरी आली, म्हणाली..."

नौशीनचा फोन वाजला. नुमान. ती जरा बाजूला झाली, पण त्याचा आवाज फोनबाहेर सगळ्यांना ऐकू येत होता.

"कुठे आहात तुम्ही? घराला कुलूप! अम्मी कुठाय?"

"इथेच आहेत. आम्ही मत्र्यात आहोत."

"मत्र्यात? डोकं फिरलंय तुझं? इद्दत संपायची आहे तिची!"

सफूराबींनी हात पुढे केला. नौशीनने फोन त्या हातात दिला.

"नुमान. इद्दत संपली माझी. चांद बघून मोज, मग बोल."

नुमानचा आवाज जरा खाली आला. "बरं, संपली तर संपली. पण एवढं चाललीस? गुडघे..."

"गुडघे शाबूत हायत. ते प्रकरण घरी आल्यावर सांगते. आणि मी रविवारी जात नाय."

"काय?"

"ऐकलंस ते."

"अम्मी, असं काय करतेस? तिकीट काढून झालंय. तिथे अंगण आहे, माणसं आहेत, तुला आराम..."

"एवढं आवडतं तर तू जा आणि बस त्या अंगणात. मी तुझ्या बापाच्या शब्दाखातर इतकी वर्षं बसूनच होते, नुमान. बसून बसून कंटाळले. मी इथे राहणार, रोज चालणार आणि इथे येऊन चहा पिणार."

"आणि विजा?"

"अर्बाब करतो म्हणाला होता. नको तू म्हणालास, तेव्हा हो म्हणायलाही तूच जायचं. उद्याच जा."

"नौशीनला दे," नुमान म्हणाला.

सफूराबींनी फोन परत दिला. चेहऱ्यावर भीतीबिती काही नव्हती, पण फोन त्यांनी हातातून लगेच सोडला नाही. ते नौशीनला दिसलं. आता सगळं आपल्यावर आलंय हेही तिला कळलं. नुमान तिचा नवरा होता, चांगला नवरा होता, आणि आजवर तिने त्याला मोठं असं काही नाकारलं नव्हतं. जेव्हा नाकारायची वेळ आली तेव्हा अब्बा मध्ये पडले होते.

"नौशीन, ऐक," नुमान हळू आवाजात, समजुतीने म्हणत होता. "तिच्या डोक्यात काहीतरी शिरलंय. बाहेर काढल्यामुळे झालं हे. आत्ताच्या आत्ता टॅक्सी कर आणि घरी घेऊन ये. तू समजावलंस तर ती ऐकेल. रविवारपर्यंत शांत होईल."

गजेंद्र गिऱ्हाइकाला हातानेच थांबायची खूण करत उभा होता. मुस्तफाने न सांगता दोन नवे चहा आणून ठेवले होते. सफूराबी लाल खुर्चीत ताठ बसून, सुनेकडे अजिबात न बघता, पेल्यातली साय बोटाने बाजूला करत होत्या. थांबल्या होत्या त्या.

"नुमान, तिकीट रद्द कर," नौशीन म्हणाली. "आणि आता ठेव फोन. अम्मी गोष्ट सांगतायत, मी ऐकतेय."

त्याचं उत्तर यायच्या आत तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. मग एक खुर्ची खरखर आवाज करत ओढली आणि सासूच्या अगदी समोर आणून ठेवली.

"हां, अम्मी. हवाई सुंदरी आली, मग? आणि अर्धी नको हां, शेवटासकट सांगा."